नवी लस घ्यायची की थांबायचे? साथीच्या काळात निर्णय कसा घ्यावा

मार्च २०२१ मध्ये सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही काही जण शेजाऱ्यांच्या लस-नोंदणीचे काम करत होतो. विड्या वळणाऱ्या बासष्ट वर्षांच्या एका मावशींकडे गेले, तेव्हा मांडीवरचे सूप बाजूला न ठेवताच त्या म्हणाल्या, “पोरी, आधी तू घे. तुला काय होतंय ते बघते, मग मी ठरवते.” माझे वय तेव्हा पंचेचाळीसच्या आत होते, त्यामुळे माझी पाळी आलेलीच नव्हती. मी त्यांना सांगितले, “काही होत नाही मावशी, बिनधास्त घ्या.” हे उत्तर चुकीचे होते. त्याच गल्लीत पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या एका यंत्रमाग कामगारालाही मी तेच सांगितले होते. लस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला, अंग ठणकले, कामावरचा खाडा झाला आणि मजुरी बुडाली. असा ताप नव्या लसीनंतर अपेक्षितच असतो. पण तो येईल हे मी सांगितले नव्हते. पुढचा आठवडाभर त्या गल्लीतून कोणीही नोंदणीला आले नाही.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की साथीच्या काळात लोकांना धीर देण्याआधी पूर्ण माहिती द्यावी आणि ती आकड्यांसकट द्यावी. पुढे कधी नवी साथ आली आणि तिच्यावर नवी लस आली, तर ज्यांना असा निर्णय प्रथमच घ्यावा लागेल त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे बहुतेक कोविडच्या काळातील आहेत, कारण त्या लसींची माहिती आता पुरेशी तपासून झाली आहे. पण पायऱ्या कोणत्याही नव्या लसीला लागू पडतील अशा आहेत.

पहिली पायरी: प्रश्न नीट मांडा

“ही लस सुरक्षित आहे का?” एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर कायम अर्धवट मिळते, कारण साथ चालू असताना लस न घेणारा माणूस धोक्याच्या बाहेर उभा नसतो, तो आजाराच्या धोक्यात उभा असतो. म्हणून प्रश्न असा मांडावा: माझ्या वयाच्या, माझ्यासारखी प्रकृती असलेल्या माणसाला आज या शहरात आजारापासून धोका किती आणि या लसीपासून किती? या प्रश्नातला “माझ्या”, “आज” आणि “या शहरात” यांपैकी एकही शब्द गाळू नये.

कोविडमध्ये वयाने किती फरक पडत होता ते पाहा. लस उपलब्ध होण्याआधीच्या काळातील, मुख्यतः श्रीमंत देशांतील पाहण्या एकत्र करून २०२० मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यानुसार संसर्ग झालेल्या पंचवीस वर्षांच्या १०,००० माणसांपैकी सुमारे १ दगावत होता. पंचावन्न वर्षांच्या १,००० माणसांपैकी सुमारे ४, पासष्ट वर्षांच्या १,००० पैकी सुमारे १४ आणि पंचाहत्तर वर्षांच्या १,००० पैकी सुमारे ४६ जण दगावत होते. एकाच घरातील नातू आणि आजी यांच्यापुढचा धोका शेकडो पटींनी वेगळा असेल, तर दोघांचा हिशेब एकाच वाक्यात करता येत नाही. मात्र प्रत्येक साथ म्हाताऱ्यांवरच तुटून पडते असे नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने नेली. त्यामुळे नवा आजार कोणाला गाठतो आहे, हे सर्वांत आधी समजून घ्यावे.

मग एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: वय, जुने आजार, घर आणि काम. सोलापुरात शेवटच्या दोन गोष्टींकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून त्यांवर जरा थांबते. यंत्रमागाच्या शेडमध्ये खटखटाट इतका असतो की शेजारच्याशी बोलायचे तरी कानाजवळ तोंड नेऊन मोठ्याने बोलावे लागते. श्वासावाटे पसरणाऱ्या आजाराला याहून सोयीची जागा नाही. विडी कामगार महिला तंबाखूच्या धुळीत वर्षानुवर्षे बसतात आणि अनेकींना जुना खोकला असतो, पण “तुम्हाला काही आजार आहे का?” असे विचारले की त्या “नाही” म्हणतात, कारण तो खोकला त्यांना आजार वाटतच नाही. एक-दोन खोल्यांच्या घरकुलात तीन पिढ्या राहत असतील, तर आजारी माणसाला वेगळे ठेवण्याचा सल्ला कागदावरच राहतो. या सगळ्यामुळे आजाराच्या बाजूचे पारडे जड होते, आणि ते कागदावर दिसले पाहिजे.

दुसरी पायरी: परवानगी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा

भारतात नव्या लसीला परवानगी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे औषध महानियंत्रकांचे कार्यालय, देते. सर्वसाधारणपणे माणसांवरील चाचणीचे तीन टप्पे असतात. पहिल्यात काही डझन निरोगी स्वयंसेवक असतात आणि लस झेपते का एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते. दुसऱ्यात काही शे माणसांमध्ये प्रतिपिंडे किती तयार होतात व डोस किती असावा हे पाहतात. तिसऱ्यात हजारो माणसांचे दोन गट करून एका गटाला लस आणि दुसऱ्याला बिनलसीचे इंजेक्शन देतात आणि आजार कोणत्या गटात किती झाला हे मोजतात. लस खरोखर आजार टाळते का, याचे उत्तर तिसऱ्या टप्प्यातच मिळते.

साथीत मात्र पूर्ण परवानगीच्या आधी मर्यादित आपत्कालीन वापराची परवानगी दिली जाऊ शकते. ३ जानेवारी २०२१ रोजी कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन लसींना अशी परवानगी एकाच दिवशी जाहीर झाली, पण दोघींच्या मागचा पुरावा सारखा नव्हता. कोविशिल्डच्या बाबतीत परदेशांतील २३,७४५ जणांच्या चाचणीवरून ७०.४२ टक्के परिणामकारकता सांगण्यात आली होती आणि भारतातील १,६०० जणांची माहिती जोडलेली होती. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याचे स्वयंसेवक तेव्हा नुकतेच गोळा होत होते, परिणामकारकतेचा आकडा हाती नव्हता, आणि म्हणूनच ती लस सुरुवातीला चाचणीच्या अटींसह, वेगळ्या संमतिपत्रावर सही घेऊन दिली जात होती. पुढे २५,७९८ जणांच्या चाचणीतून तिची परिणामकारकता ७७.८ टक्के असल्याचे २०२१ मध्येच समोर आले. शेवट चांगला झाला, तरी जानेवारीत ज्यांनी “आकडा कुठे आहे?” असे विचारले त्यांना अडाणी किंवा देशविरोधी ठरवणे अन्यायाचे होते, असे मला आजही वाटते. तो प्रश्न रास्तच होता.

तेव्हा नव्या लसीबाबत तीन गोष्टी विचाराव्यात. परवानगी पूर्ण आहे की आपत्कालीन? तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष जाहीर झाले आहेत का? चाचणीत माझ्यासारखी माणसे, म्हणजे माझ्या वयाची, गरोदर असल्यास गरोदर, मधुमेह असल्यास मधुमेही, होती का? भारतात होणाऱ्या औषधचाचण्यांची नोंद भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत करणे जून २००९ पासून सक्तीचे आहे आणि ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम सोपवावे. अर्ध्या तासात बरेच कळते.

तिसरी पायरी: टक्केवारीचा अर्थ लावा

“९५ टक्के परिणामकारक” याचा अर्थ “शंभरातल्या पाच जणांना आजार होणारच” असा नसतो, हे आम्हाला नोंदणीच्या टेबलावर रोज समजावून सांगावे लागे. फायझर कंपनीच्या कोविड लसीच्या चाचणीत सुमारे ४३,००० माणसांचे दोन जवळपास समान गट होते. बिनलसीच्या गटात १६२ जणांना लक्षणांसह कोविड झाला, लसीच्या गटात ८ जणांना. १६२ च्या जागी ८, म्हणजे सुमारे ९५ टक्के घट. दोन्ही गटांतील बहुसंख्य माणसांना त्या दोन-तीन महिन्यांत आजार झालाच नाही, हेही त्यातच आले.

यापुढे आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: घट कशाची मोजली? साध्या लक्षणांची, रुग्णालयात दाखल होण्याची, मृत्यूची, की दुसऱ्याला संसर्ग देण्याची? कोविडच्या लसींच्या पहिल्या चाचण्या मुख्यतः लक्षणे असलेला आजार मोजत होत्या. लस घेतलेल्याकडून दुसऱ्याला लागण होते का, हे त्यांनी मोजले नव्हते. तरी अनेकांनी ते सिद्ध झाल्यासारखे सांगितले, आणि लस घेतलेली माणसेही आजारी पडू लागली तेव्हा लोकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. गंभीर आजार आणि मृत्यू यांपासूनचे संरक्षण साध्या संसर्गापासूनच्या संरक्षणापेक्षा बरेच जास्त काळ टिकले, आणि साठीच्या पुढच्या माणसाला खरी गरज त्याचीच होती.

चौथी पायरी: घाई नेमकी कुठे झाली ते समजून घ्या

कोविडपूर्वी सर्वांत लवकर तयार झालेली लस म्हणून गालगुंडाच्या लसीचे नाव घेतले जाई. तिला १९६३ ते १९६७ अशी चार वर्षे लागली. मग कोविडची लस एका वर्षात कशी आली, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० च्या पूर्वार्धातच जाहीर झाली होती. २००३ च्या सार्सनंतर त्याच कुळातील विषाणूंवर काम झालेले होते. चाचणीचे टप्पे एकामागून एक करण्याऐवजी काही अंशी एकत्र चालवले गेले. परवानगी मिळण्याआधीच पैशाची जोखीम पत्करून उत्पादन सुरू झाले. आणि आजार सर्वत्र पसरलेला असल्याने चाचणीत पुरेसे रुग्ण महिन्यांत मिळाले, एरवी त्यासाठी वर्षे जातात. हा सगळा वेळ कागदपत्रे, निधी आणि वाट पाहणे यांत वाचला होता.

पण एक गोष्ट कशानेही लवकर होत नाही, आणि ती म्हणजे काळ जाणे. लसीचे बहुतेक दुष्परिणाम काही दिवसांत किंवा पहिल्या सहा-आठ आठवड्यांत दिसतात, म्हणून अमेरिकेच्या नियामकांनी चाचणीतील निम्म्या तरी लोकांवर शेवटच्या डोसनंतर किमान दोन महिने लक्ष ठेवण्याची अट घातली होती. दोन वर्षांनी काय होईल हे त्या दिवशी अनुभवाने सांगता येत नव्हते. जे सांगितले जात होते ते आधीच्या लसींच्या अनुभवावर बेतलेले अनुमान होते. अनुमान भक्कम होते, पण ते अनुमान आहे असे सांगायला हवे होते.

दुसरी मर्यादा संख्येची आहे. लस मिळालेल्या १५,००० जणांमध्ये एखादा गंभीर दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी गणिताने एवढेच म्हणता येते की त्याचे प्रमाण बहुधा ५,००० मध्ये १ पेक्षा कमी आहे. लाखात एकाला होणारी गोष्ट लाखो लोकांना लस दिल्यावरच समजते.

हे नवे नाही. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना लस दिली गेली आणि त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष लसीच्या सूत्रात नसून ती बाटली दूषित झाली होती, आणि हाफकिन यांच्यावरील ठपका दूर व्हायला १९०७ उजाडले. १९५५ मध्ये अमेरिकेत पोलिओच्या लसीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेला आणि मुलांना पांगळेपण आले. त्यानंतर उत्पादनाची तपासणी कडक झाली. १९७६ मध्ये तिथेच स्वाइन फ्लूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना लस दिली गेली. साथ आली नाही, पण लस घेतलेल्यांत लाखामागे सुमारे एकाला गिलाँ-बारे हा हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार जास्तीचा झाल्याचे आढळले, आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. लाखात एक हा धोका छोटाच होता. मात्र समोर साथच नसल्याने त्याच्या बदल्यात काहीच मिळत नव्हते.

पाचवी पायरी: दोन्ही बाजू एकाच मापाने मोजा

संपूर्ण लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि बहुतेक वाद इथेच फसतात. एक बाजू आजाराचे आकडे सांगते, दुसरी लसीने झालेल्या एखाद्या मृत्यूची हकीकत सांगते, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही एकमेकींना भिडत नाहीत.

मार्च-एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर, म्हणजे आपल्याकडे कोविशिल्ड नावाने मिळणाऱ्या लसीनंतर, प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याचा एक अत्यंत दुर्मीळ पण जीवघेणा प्रकार युरोपात लक्षात आला. ७ एप्रिल २०२१ रोजी केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासकांचा एक तक्ता ब्रिटनमध्ये सादर झाला. त्यात दर एक लाख माणसांमागे लसीमुळे सोळा आठवड्यांत किती जण अतिदक्षता विभागात जाण्यापासून वाचतील आणि लसीमुळे किती जणांना या गुठळ्यांचा गंभीर त्रास होऊ शकेल, हे एकाच मापात शेजारी-शेजारी मांडले होते. संसर्ग कमी असताना साठ ते एकोणसत्तर वयोगटात वाचणारे १४.१ आणि त्रास होणारे ०.२ होते. चाळीस ते एकोणपन्नास वयोगटात हे आकडे ५.७ आणि ०.५ होते. वीस ते एकोणतीस वयोगटात मात्र वाचणारे ०.८ आणि त्रास होणारे १.१, म्हणजे पारडे उलटे झुकले होते. तेच तरुण संसर्ग जोरात असलेल्या काळात धरले, तर वाचणारे ६.९ होत होते आणि त्रास होणारे १.१ च राहत होते.

लस तीच, माणसेही तीच, पण वय बदलले किंवा गावातील साथीचा जोर बदलला की उत्तर बदलले. म्हणूनच ब्रिटनने तीस वर्षांखालील आणि पुढे चाळीस वर्षांखालील लोकांना शक्य असेल तिथे दुसरी लस देण्याचा सल्ला दिला, आणि त्याहून मोठ्या वयाच्यांसाठी तीच लस चालू ठेवली. भारतात मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा गुठळ्यांच्या संशयित घटनांचे प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ असल्याचे जाहीर केले. नोंदवलेल्याच घटना मोजल्या जातात आणि आपल्याकडे नोंद कमी होते, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा. तरीही एप्रिल-मे २०२१ मधील सोलापूर जिल्ह्याची परिस्थिती ज्यांनी पाहिली, खाटांसाठी आणि ऑक्सिजनसाठी रात्र-रात्र फोन केले, त्यांना पन्नाशी-साठीच्या माणसासाठी पारडे कुठे झुकत होते हे वेगळे सांगावे लागणार नाही.

नव्या साथीत असा तयार तक्ता हाताशी नसला, तरी डॉक्टरांना याच भाषेत विचारता येते: “माझ्यासारख्या एक लाख माणसांनी ही लस घेतली तर किती जणांचा गंभीर आजार टळेल आणि किती जणांना गंभीर त्रास होईल?” उत्तर अंदाजे मिळाले तरी चालेल. “काही होत नाही” आणि “लस म्हणजे विष” ही दोन्ही उत्तरे मात्र स्वीकारू नयेत.

सहावी पायरी: ऐकलेल्या बातमीची चाचपणी करा

“लस घेतली आणि तिसऱ्या दिवशी गेला” ही बातमी प्रत्येक मोहिमेत येते, आणि ती अनेकदा खरीही असते. प्रश्न लसीमुळे गेला का, हा असतो. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. हजारी सहा मृत्युदर धरला, तर एवढ्या शहरात साथ नसतानाही वर्षाला सुमारे ५,७०० आणि दिवसाला पंधरा माणसे वेगवेगळ्या कारणांनी जातात. एका महिन्यात निम्म्या शहराला लस दिली, तर त्या महिन्यात जाणाऱ्यांत लस घेतलेली कितीतरी माणसे असणारच, आणि लस आधी वृद्धांना दिली तर ती संख्या आणखी वाढणार. लस घेतलेल्यांत मृत्यू नेहमीपेक्षा जास्त झाले का, हा खरा प्रश्न आहे.

पण याचा उपयोग शोक करणाऱ्या घराला गप्प बसवण्यासाठी करू नये. युरोपातील गुठळ्यांचा प्रकार कोणीतरी “योगायोग असेल” म्हणून सोडून दिला असता, तर तो सापडलाच नसता. प्रत्येक घटना नोंदवली जावी आणि तपासली जावी, असा आग्रह कुटुंबीयांनी धरलाच पाहिजे.

मे २०२१ मध्ये “लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरतील” हे एका नोबेल विजेत्याच्या नावावर खपवलेले वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर घरोघरी फिरले. त्यांनी तसे म्हटलेच नव्हते. अशा मजकुरात तारीख, ठिकाण आणि मूळ मुलाखत यांपैकी काहीच नसेल, तर तो पुढे पाठवू नये. दुसरीकडे, अधिकृत सल्ला बदलला म्हणजे सारे खोटे होते असेही मानू नये. कोविशिल्डच्या दोन डोसांमधील अंतर आधी चार ते सहा आठवडे होते, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ झाले आणि मे मध्ये बारा ते सोळा. अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती चांगली येते याला पुरावा होता. पण हा बदल नेमका लसींच्या टंचाईत झाला आणि कारण नीट समजावले गेले नाही, त्यामुळे संशय वाढला. सल्ला बदलला की कारण विचारावे, आणि ते दिले जाते का ते पाहावे.

सातवी पायरी: डॉक्टरांकडे काय घेऊन जावे

चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुना केसपेपर घेऊन जावे; “बीपीची पांढरी गोळी” एवढ्यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत. पुढील गोष्टी न विचारता सांगाव्यात: पूर्वी इंजेक्शन, औषध किंवा लसीमुळे अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे वा श्वास अडकणे असे काही झाले होते का, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, आज ताप आहे का, तोच आजार नुकताच होऊन गेला आहे का, गरोदरपण आहे का किंवा बाळ अंगावर पिते आहे का. भारतात कोविडच्या लसी गरोदर महिलांना २ जुलै २०२१ पासून खुल्या झाल्या, त्याआधी साडेपाच महिने त्यांना थांबावे लागले, कारण सुरुवातीच्या चाचण्यांत त्यांना घेतलेलेच नव्हते. नव्या लसीबाबतही हा प्रश्न मुद्दाम विचारावा.

आपल्या शहरात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरे एकाच गल्लीत असतात. संमतिपत्र न समजता सही किंवा अंगठा देऊ नये. ते आपल्या भाषेत वाचून दाखवायला सांगणे हा हक्क आहे.

आठवी पायरी: लस घेण्याचा दिवस

लस साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्यावी, म्हणजे ताप आला तरी मजुरी बुडत नाही. विड्या हजारावर मोजल्या जातात, दंड दुखला की त्या दिवशीचा आकडा कमी भरतो, हे आधीच धरून चालावे. पोटभर खाऊन, पाणी पिऊन जावे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि रांगेतील भोवळ अनेकदा उन्हाची असते. ताप येऊ नये म्हणून आधीच गोळी घेऊन जाऊ नये.

केंद्रावर लसीचे नाव आणि बॅच क्रमांक विचारून लिहून घ्यावा. बहुतेक लसी २ ते ८ अंश तापमानात ठेवाव्या लागतात, तेव्हा कुपी शीतपेटीतून काढली जाते आहे का हे पाहण्यात गैर काही नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया दहा लाखांत मोजक्याच जणांना येते, पण ती बहुधा याच वेळात येते आणि लगेच इंजेक्शन मिळाले तर आटोक्यात येते. घरी काम पडले आहे म्हणून दहा मिनिटांत उठणाऱ्या बायकांना मी हात धरून बसवले आहे.

सोसायटीत किंवा कारखान्यात खासगी शिबिर असेल, तर त्याला कोणत्या रुग्णालयाची जबाबदारी आहे याची खात्री करावी आणि प्रमाणपत्र त्याच दिवशी तपासावे. २०२१ मध्ये मुंबईत कांदिवलीच्या एका गृहसंकुलात बनावट शिबिर झाले होते, आणि रहिवाशांना संशय आला तो प्रमाणपत्रांवरील वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांमुळेच.

नववी पायरी: नंतरचे दिवस

दंड दुखणे, ताप, थंडी, अंगदुखी, थकवा हे एक-दोन दिवस अपेक्षित आहे; पॅरासिटामॉल आणि विश्रांती पुरते. मात्र पुढच्या चार आठवड्यांत न थांबणारी तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, छातीत दुखणे, धाप लागणे, एका पायाला सूज, सततची पोटदुखी किंवा टोचल्याच्या जागेपासून दूर त्वचेवर बारीक लाल-जांभळे ठिपके दिसले, तर घरी थांबू नये. १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना लस कधी घेतली ते पहिल्या वाक्यात सांगावे. घटनेची नोंद लसीकरण केंद्रावर करता येते, तसेच १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणामांच्या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावरही कळवता येते. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: संरक्षण त्याच दिवशी सुरू होत नाही. त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि दोन डोसांची लस असेल तर दुसऱ्या डोसनंतर पुन्हा दोन आठवडे.

थांबायचे ठरले, किंवा दुसऱ्याने तुमच्यासाठी ठरवले

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात स्पष्ट केले की कोणालाही जबरदस्तीने लस देता येत नाही, शरीरावरचा अधिकार हा जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. याच निकालात दुष्परिणामांच्या नोंदी लोकांसमोर ठेवण्यासही सांगण्यात आले. हा अधिकार सासूला आहे तसाच सुनेलाही आहे. “आमच्या घरातल्या बायका घेणार नाहीत” असे नोंदणीच्या टेबलावर पुरुषाने सांगितले, की मी त्या बाईशी एकटीने बोलायचा प्रयत्न करत असे. कधी जमले, कधी नाही.

थांबणे हाही निर्णय असू शकतो, विशेषतः तरुण, निरोगी माणसासाठी आणि साथ मंद असताना. पण थांबण्याला तारीख हवी, कशाची वाट पाहतो आहोत हे लिहिलेले हवे, आणि तोवर मास्क, उघडी खिडकी, गर्दी टाळणे हे सारे पाळायला हवे. “बघू” असे म्हणून सोडलेला निर्णय लाट आल्यावर घाईत घ्यावा लागतो, आणि तेव्हा रांगही मोठी असते.

त्या विडी वळणाऱ्या मावशींकडे मी आठवड्याने पुन्हा गेले आणि या वेळी ताप येईल, दंड दुखेल, क्वचित त्याहून जास्तही होऊ शकते, आणि त्यांच्या वयाला व खोकल्याला आजार किती जड जाईल, हे सगळे सांगितले. त्यांनी नातवाकडून कागदावर लिहून घेतले: “उगादी झाल्यावर. तोवर शेजारच्या दोघींना काय होते ते बघणे.” उगादी, म्हणजे तेलुगू-कन्नड घरांतला नववर्षाचा सण, १३ एप्रिलला होती. मार्च संपता संपता मागच्या गल्लीत रुग्ण वाढू लागले, तेव्हा त्यांनी ती तारीख खोडायला लावली आणि सणाआधीच आल्या. दुसऱ्या दिवशी दंड दुखत होता, विड्या निम्म्याच झाल्या. तसे होईल हे त्यांना माहीत होते, म्हणून पाने त्यांनी आदल्या रात्री निम्मीच भिजवली होती.